जठर, जठराचा कर्करोग आणि नव्या बुरश्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटावरच्या संशोधनाची एखादी बातमी झळकली की ओळखीतल्या लोकांचे मेसेज सुरू होतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. काही वर्षं प्रयोगशाळेत बुरशी वाढवण्यात गेली आणि आता बराच वेळ शोधनिबंध वाचण्यात जातो. तेव्हा कोणती गोळी घ्यायची हे इथे सापडणार नाही. छापून आलेल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा, एवढं मात्र सांगता येईल.

जठरात इतकं जहाल आम्ल असतं, मग जठर स्वतःलाच का पचवत नाही?

प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. जठररसाचा पीएच १.५ ते ३.५ च्या आसपास असतो. त्या रसात मांस विरघळतं आणि जठराची भिंतही मांसाचीच. बचाव तीन बाजूंनी होतो. आतल्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं. त्यामुळे पोकळीत आम्ल असलं तरी पेशीला चिकटून असलेला भाग जवळजवळ उदासीन राहतो. प्रथिनं तोडणारं पेप्सिनही पेशीतून तयार स्वरूपात बाहेर पडत नाही. ते पेप्सिनोजेन म्हणून निघतं आणि आम्लात पडल्यावरच कामाचं होतं, म्हणजे धार बाहेर आल्यावर लावली जाते. एवढं करूनही पृष्ठभागावरच्या पेशी झिजतातच, आणि काही दिवसांत त्यांच्या जागी नव्या येतात.

हे तिसरं काम लक्षात ठेवा. जिथे पेशी सतत विभागत असतात, तिथे चूक व्हायलाही सतत संधी असते.

जठरात काय चालतं हे पहिल्यांदा कुणी पाहिलं?

विल्यम बोमाँट या अमेरिकन लष्करी डॉक्टरने. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला चुकून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत गेलेलं भोक कधी बुजलंच नाही. बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा, ठरावीक वेळाने ओढून बाहेर काढायचा आणि किती विरघळलं ते टिपून ठेवायचा. जठररस बाहेर काढून, कुपीत भरून, अंगाच्या उबेइतका गरम ठेवला तरी मांस विरघळतं हेही त्याने दाखवलं. जठर अन्न दळतं की विरघळवतं, या वादात हा मोठाच पुरावा होता. १८३३ साली त्याचं पुस्तक आलं.

सेंट मार्टिनला हे सगळं आवडत होतं असं मुळीच नाही. तो अनेकदा निघून गेला. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांना शवविच्छेदन करता येऊ नये म्हणून घरच्यांनी मुद्दाम देह कुजू दिला, असं सांगतात. पचनशास्त्राच्या पुस्तकात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकतात, म्हणून मी जरा लांबवला.

‘प्रयोगशाळेत आतडं बनवलं’ म्हणजे काय?

आख्खं आतडं नव्हे. २००७ साली हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधल्या गटाने आतड्याच्या अस्तरातल्या मूळपेशी ओळखण्याची खूण शोधली, एलजीआर-५ नावाचं प्रथिन. २००९ मध्ये त्याच गटातल्या तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी जेलीसारख्या माध्यमात ठेवली. तिच्यापासून आतड्याच्या अस्तरासारखी रचना आपोआप उभी राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली ती आधी पारदर्शक बुडबुड्यासारखी दिसते, मग बुडबुड्याला कोंब फुटतात. प्रत्येक कोंब म्हणजे अस्तरातल्या खळग्याची छोटी नक्कल, आणि मूळपेशी त्याच्या टोकाशी बसलेल्या. याला ऑर्गनॉइड म्हणतात. पुढच्याच वर्षी जठराच्या मूळपेशींपासूनही ते जमलं.

फायदा असा की रुग्णाच्या गाठीतल्या पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासता येतात. मर्यादा अशी की त्यात रक्तवाहिन्या नसतात, नसा नसतात, आणि मुद्दाम घातल्या नाहीत तर रोगप्रतिकारक पेशीही नसतात. ऑर्गनॉइडमध्ये गाठ मेली म्हणजे माणसात मरेल, ही उडी फार लांबची आहे.

शरीरात आपल्या पेशींपेक्षा दहापट जीवाणू असतात, हे खरं ना?

नाही. हा आकडा वर्षानुवर्षं एकाने दुसऱ्याचा उतरवून घेतला. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी नव्याने हिशोब मांडला. साधारण ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी, म्हणजे जवळपास बरोबरीच. सगळ्या जीवाणूंचं वजन मिळून सुमारे २०० ग्रॅम. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. जठरात आम्लामुळे वस्ती विरळ असते.

मग हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू जठरात कसा टिकतो?

तो युरिएज नावाचं विकर बनवतो. त्याने युरियाचा अमोनिया होतो आणि जीवाणूभोवतीचं आम्ल मारलं जातं. तेवढ्या आडोशाने तो श्लेष्माच्या थरात शिरतो आणि तिथेच घर करतो.

तो सापडला तो सुट्टीमुळे. पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन जठरातले नमुने वाढवून पाहत होते. दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट (जीवाणू वाढवायची चपटी बशी) टाकून द्यायची अशी पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट्स तशाच राहिल्या, आणि परत येऊन पाहतात तर वसाहती उगवलेल्या. हा जीव मुळातच हळू वाढणारा. त्याच्यामुळे जठर आजारी पडतं हे लोकांना पटेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, दुर्बिणीत जठराला सूज दिसली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. या जीवाणूला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घालण्याचं काम आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच केलं होतं.

माझ्या तपासणीत हा जीवाणू निघाला. मला कर्करोग होणार का?

बहुधा नाही. जगातल्या अब्जावधी लोकांच्या जठरात तो आहे, आणि त्यातल्या अगदी थोड्यांना, साधारण शंभरात एक ते तिघांना, पुढे जठराचा कर्करोग होतो. पण उलट बाजूही पाहा : जठराचा कर्करोग झालेल्या बहुतेकांमध्ये हा जीवाणू कधी ना कधी होताच.

मधला प्रवास दशकांचा असतो. पेलायो कोरिया नावाच्या संशोधकाने त्याच्या पायऱ्या मांडल्या. आधी दीर्घकाळची सूज, मग ग्रंथी झडून अस्तर पातळ होणं, मग जठराच्या अस्तराने आतड्याच्या अस्तराचं रूप घेणं, मग पेशींची घडण बिघडणं आणि शेवटी कर्करोग. जीवाणूचा कोणता वाण आहे, त्याच्याकडे कॅगए हे प्रथिन पेशीत टोचण्याची सोय आहे का, माणसाची जनुकं कशी आहेत, तो धूम्रपान करतो का, आहारात मीठ किती, या सगळ्यावर कोण किती पायऱ्या उतरतो ते ठरतं.

औषध घेऊन जीवाणू घालवला तर धोका कमी होतो का?

होतो, आणि हा पुरावा भक्कम आहे. ज्यांच्या आई, वडील किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला होता अशा लोकांवर दक्षिण कोरियात चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला. खऱ्या औषधाच्या गटात १.२ टक्के लोकांना कर्करोग झाला, खोट्या गोळीच्या गटात २.७ टक्के. पाठपुरावा नऊ वर्षांहून थोडा जास्त. अस्तर आधीच बरंच बदललेलं असेल तर मात्र फायदा घटतो.

कोर्स अर्धवट सोडू नका. उरलेले जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात, आणि कोर्स संपल्यावर जीवाणू खरोखर गेला का याची तपासणीही करायची असते. ती बरेच जण विसरतात.

हा कर्करोग इतका उशिरा का सापडतो?

कारण जठर ऐसपैस आणि लवचिक आहे. छोट्या गाठीने त्याचं काही अडत नाही. सुरुवातीची लक्षणं म्हणजे अपचन आणि पोट लवकर भरल्यासारखं वाटणं, आणि ती कुणाला नसतात! विनाकारण वजन उतरणं, काळी शौच, गिळताना अडकणं, सतत उलट्या किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय, यातलं काही असेल तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिने काढू नयेत. २०२२ मध्ये जगात सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण सापडले आणि ६ लाख ६० हजार मृत्यू झाले. दक्षिण कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी तपासणीची सोय आहे, त्यामुळे तिथे बऱ्याच गाठी लहान असतानाच पकडल्या जातात. लहान आणि वरवरची गाठ दुर्बिणीतूनच सोलून काढता येते, पोट उघडावं लागत नाही.

सगळ्यांचा जठराचा कर्करोग सारखाच असतो का?

नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन मुख्य प्रकार दिसतात हे १९६५ पासून माहीत आहे. एकात पेशी ग्रंथींसारख्या रचून असतात, दुसऱ्यात त्या सुट्या सुट्या भिंतीत पसरतात. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण दुर्बिणीत ठळक गाठ दिसतेच असं नाही. त्याचा एक आनुवंशिक प्रकार सीडीएच-१ या जनुकातल्या दोषामुळे होतो. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून तो दोष १९९८ मध्ये सापडला.

२०१४ मध्ये २९५ गाठींची जनुकीय तपासणी होऊन चार गट पडले. त्यातल्या साधारण ९ टक्के गाठींमध्ये एपस्टाइन-बार विषाणू होता. ही विभागणी कागदावर राहिली नाही. आज औषध निवडताना अशाच खुणा पाहतात.

सध्या उपचार काय आहेत? नवं काय आलंय?

गाठ काढता येण्यासारखी असेल तर शस्त्रक्रिया हाच गाभा. थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८८१ मध्ये जठराचा रोगट भाग काढून उरलेलं जोडून दाखवलं. ती रुग्ण शस्त्रक्रियेतून उठली, पण चारच महिन्यांनी रोगानेच गेली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी रोग मागे उरू शकतो, हा धडा तेव्हापासूनचा. म्हणूनच आता शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमो देतात. ‘फ्लॉट’ ही चार औषधांची पद्धत २०१९ मध्ये जुन्या पद्धतीशी ताडून पाहिली, तेव्हा मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३५ महिन्यांवरून ५० वर गेलं. २०२५ मध्ये फ्लॉटला ड्युर्व्हालुमॅब या इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणाऱ्या औषधाची) जोड दिल्याचे निकाल आले : दोन वर्षांनंतर रोग न उलटता किंवा न वाढता राहिलेले ५८.५ वरून ६७.४ टक्के झाले.

पसरलेल्या रोगात आकडे लहान होतात, आणि बातम्यांमधली विशेषणं मोठी. गाठीवर हर-टू प्रथिन जास्त असेल तर ट्रास्टुझुमॅब देतात. २०१० च्या चाचणीत मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिने झालं. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीने २०२१ मध्ये, प्रतिकारशक्तीला थोपवणारं पीडी-एल-१ प्रथिन जास्त असलेल्यांत, ११.१ चं १४.४ केलं. मध्यक म्हणजे अर्धे रुग्ण त्याच्या अलीकडे आणि अर्धे पलीकडे. काही थोडे फार लांब जातात, आणि इम्युनोथेरपीची खरी गंमत त्या थोड्यांतच आहे. ‘क्रांतिकारक औषध’ असा मथळा दिसला की मी आधी महिने शोधतो.

क्लॉडिन १८.२ हे नाव सारखं ऐकू येतं. ते काय प्रकरण आहे?

जठराच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, नाहीतर आम्ल फटीतून झिरपेल. त्या शिवणीतला एक टाका म्हणजे हे प्रथिन. निरोगी अस्तरात तो शिवणीत दडलेला असतो. गाठीत पेशींची मांडणी विस्कटते आणि टाका उघडा पडतो. झोल्बेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड त्यालाच जाऊन धरतं. २०२३ च्या चाचणीत आयुर्मान सुमारे १५.५ वरून १८.२ महिने झालं आणि २०२४ मध्ये आधी जपानने, मग अमेरिकेने मान्यता दिली.

आता दुष्परिणाम पाहा : मळमळ आणि उलट्या, त्याही पहिल्याच सलाईनच्या वेळी जोरात. निरोगी जठरातही तोच टाका असतो, औषध त्यालाही सोडत नाही. ज्यांचं जठर आधीच काढून टाकलंय त्यांना हा त्रास कमी होतो. यंत्रणा समजली की दुष्परिणाम आपोआप समजतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

आख्खं जठर काढल्यावर माणूस जेवतो कसा?

थोडं थोडं आणि दिवसातून अनेकदा. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. साठवणीची जागा गेल्यामुळे गोड किंवा पातळ पदार्थ एकदम आतड्यात उतरले तर घाम, धडधड, चक्कर येते. बी-१२ जीवनसत्त्व मात्र आयुष्यभर, बहुधा इंजेक्शनने, घ्यावं लागतं, कारण ते शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो. यकृतात साठा असल्याने कमतरता काही वर्षांनी जाणवते. तोवर ‘मला काही होत नाही’ म्हणून इंजेक्शन सोडलेलं असतं.

पोटात बुरशी असते? निरोगी माणसाच्याही?

असते. कॅन्डिडा, सॅकरोमायसिस, मॅलॅसेझिया ही नेहमीची मंडळी. जनुकांच्या हिशोबाने आतड्यातल्या सूक्ष्मजीवांत त्यांचा वाटा ०.१ टक्क्याहून कमी असतो. पण यीस्टची एक पेशी जीवाणूपेक्षा आकारमानाने कितीतरी मोठी, म्हणून नुसत्या टक्क्यावर जाऊ नये.

गाठीत बुरशी सापडली म्हणजे बुरशीमुळे कर्करोग होतो का?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. २०२२ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. गाठींमध्ये बुरशीचा डीएनए असतो, फार थोडा, असं त्यांत दिसलं. त्यातल्या एकात जठराच्या गाठींमधली कॅन्डिडा आणि सुजेशी संबंधित जनुकं यांचा मेळ लागला. मेळ लागला, एवढंच. सुजलेल्या, जखम झालेल्या जागी बुरशीला वस्ती करणं सोपं जातं हेही तितकंच शक्य आहे. चोर आणि चोरी झाल्यावर जमलेली गर्दी, दोघंही घटनास्थळीच सापडतात.

शिवाय भेसळ. विद्यार्थी असताना एका नमुन्याच्या सलग तीन प्लेट्सवर मला तीच हिरवट, पावडरसारखी वसाहत मिळाली. मी आनंदाने वहीत चित्र काढलं, कडेचा पांढरा पट्टासुद्धा रंगवला. मग मार्गदर्शकांनी नमुना न लावलेली कोरी प्लेट त्याच टेबलावर उघडी ठेवायला सांगितली. चार दिवसांनी तिच्यावरही तीच. एसीच्या झोतातून येत होती. डीएनए तपासणीत ही अडचण शंभरपट, कारण तिथे भेसळ डोळ्यांना दिसतही नाही. गाठींमधल्या सूक्ष्मजीवांवरचा २०२० चा एक गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. माणसाचाच डीएनए जीवाणूंचा म्हणून मोजला गेला होता, आणि यादीत कोळंबीला होणाऱ्या एका विषाणूचाही समावेश होता.

‘नवी बुरशी सापडली’ म्हणजे ती नुकतीच तयार झाली का?

नाही, आपण तिला नुकतं नाव दिलं. सुमारे १ लाख ५५ हजार बुरश्यांना नावं आहेत आणि एकूण अंदाज २५ लाखांचा. म्हणजे दहातल्या नऊहून जास्त अजून बिननावाच्या.

नाव द्यायचं तर एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. जिवंत कल्चर (प्रयोगशाळेत वाढती ठेवलेली बुरशी) त्यासाठी चालत नाही, वाढ थांबवलेलं लागतं, कारण जिवंत वस्तू बदलत राहते. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत हवं, आणि २०१३ पासून अधिकृत नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे. मातीतून नुसता अनोळखी डीएनए मिळाला आणि बुरशी हाती लागली नाही, तर नियमानुसार नाव देता येत नाही.

आतड्यातली अशी एखादी नवी बुरशी?

कझाकस्तानिया वाइझमानी. माझी आवडती. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेत उंदरांच्या आतड्यात कॅन्डिडा रुजवायचा प्रयत्न चालू होता आणि काही उंदरांत ती रुजेचना. आधीपासून तिथे एक यीस्ट ठाण मांडून बसलं होतं, ते कॅन्डिडाला हुसकावून लावत होतं. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. या जातीच्या खुणा थोड्या माणसांच्या नमुन्यांतही दिसल्या आहेत. फसलेल्या प्रयोगाकडे कुणीतरी नीट पाहिलं म्हणून ती सापडली. तिच्या गोळ्या करून माणसांना देण्याइतकी मजल अजून गेलेली नाही.

कॅन्डिडा ऑरिस अचानक कुठून आली?

२००९ मध्ये टोकियोतल्या एका वृद्ध रुग्णाच्या कानातून ती मिळाली. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. नंतर जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा १९९६ मधला एक दक्षिण कोरियात निघाला. काही वर्षांतच वेगवेगळ्या खंडांवर तिची वेगवेगळी घराणी स्वतंत्रपणे वर आली. वाढत्या तापमानाने तिला माणसाच्या अंगाची उष्णता सोसायला शिकवलं, असा एक तर्क आहे. सिद्ध झालेला नाही. अनेक औषधांना ती जुमानत नाही, आणि केमोने प्रतिकारशक्ती घटलेल्यांना तिचा धोका जास्त. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती सर्वात गंभीर चारांत आहे. अलीकडे तिच्या नावाचा पहिला भागही बदलला, आता कॅन्डिडोझायमा ऑरिस म्हणतात. रिपोर्टवर दोन्ही नावं दिसली तर घाबरू नका, बुरशी तीच.

बुरशीपासून कर्करोगाचं औषध मिळतं म्हणतात. मग मशरूमची पावडर घ्यावी का?

पॅक्लिटॅक्सेल हे जठराच्या कर्करोगातही वापरलं जाणारं औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलं. १९९३ मध्ये त्याच सालीतल्या एका नव्या बुरशीचं वर्णन झालं, टॅक्सोमायसिस अँड्रिॲनी, आणि तीही हे औषध बनवते असा दावा झाला. प्रमाण लिटरमागे काही नॅनोग्रॅम. वीस वर्षांनी दुसऱ्या गटाने तीच बुरशी पुन्हा तपासली तर औषध बनवण्याची यंत्रणाच तिच्यात आढळली नाही.

शिताके मशरूममधलं लेंटिनन जपानमध्ये इंजेक्शन म्हणून केमोबरोबर वापरत आले. तिथल्याच मोठ्या तुलनात्मक चाचणीत, पसरलेल्या रोगात, त्याने आयुष्य वाढलं नाही. हे शुद्ध केलेल्या, मोजून दिलेल्या इंजेक्शनचं झालं. डब्यातल्या पावडरीत काय आणि किती आहे हे डब्यावरही धड लिहिलेलं नसतं. घेत असाल तर निदान केमो देणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका.

शौचाची ‘मायक्रोबायोम चाचणी’ करून जठराच्या कर्करोगाचा धोका कळतो का?

नाही. त्या नमुन्यात दिसतात ते मुख्यतः मोठ्या आतड्यातले रहिवासी. जठरातला हेलिकोबॅक्टर शोधायचा तर त्यासाठी वेगळी, नेमकी शौच चाचणी किंवा श्वासाची चाचणी असते, ती डॉक्टर सांगतात. आणि अस्तर कसं आहे ते पाहायचं तर दुर्बीणच घालावी लागते.